वाई–महाबळेश्वर–मेढा–वाई: सायकलने एका दिवसात, आणि कोणत्या दिशेने?

विदर्भवासी

नमस्कार मंडळी. जानेवारीत काही दिवस वाईला मावशीकडे मुक्काम आहे आणि सायकल सोबत आणणार आहे. वाईहून पसरणीच्या घाटाने पाचगणी, तेथून महाबळेश्वर, मग केळघरच्या घाटाने मेढ्याला उतरून कुडाळ आणि पाचवडमार्गे परत वाई, अशी नव्वद-पंचाण्णव किलोमीटरांची फेरी नकाशावर फार मोहक दिसते. नागपूर–रामटेक–नागपूर हे जवळपास तेवढेच अंतर मला जड जात नाही. मात्र आमच्याकडे चढ म्हणजे उड्डाणपूल, त्यामुळे घाटाचा अनुभव शून्य आहे असेच समजावे. सायकल जुन्या घडणीची आहे: पुढे पायडलपाशी 53 आणि 39 दातांच्या चेनरिंग (दातेरी चक्रे), मागच्या चाकावर 11 ते 25 दातांच्या चक्रांची कॅसेट, आणि चाकाच्या कडेवर दाबले जाणारे रिम ब्रेक. माझे दोन प्रश्न आहेत. ही फेरी याच दिशेने करावी की उलट? आणि आहे त्या गिअरवर ती निभेल का?

कृष्णाकाठ

पसरणीने चढावे आणि केळघरने उतरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पसरणीचा घाट डोंगराच्या उत्तर अंगाने चढतो, त्यामुळे जानेवारीत सकाळी रस्त्याचा बराचसा भाग सावलीत असतो. सूर्योदय सातनंतरचा असल्याने साडेसहाला दिवा लावून निघावे, म्हणजे ऊन तापण्याआधी पाचगणी गाठता येते. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटरांवर आणि पाचगणी 1,290 च्या आसपास आहे. बारा-तेरा किलोमीटरांत जवळजवळ 600 मीटर चढायचे आहेत. पहिले दोनेक किलोमीटर पसरणी गावापर्यंत (शाहीर साबळ्यांचे हे गाव) अंग मोकळे करण्यापुरते आहेत. तेथून पुढे चढ सुरू होतो तो पाचगणीपर्यंत, पण त्याला एक शिस्त आहे. बैलगाड्या चढतील अशा बेताने आखलेल्या जुन्या घाटरस्त्यांचा उतार साधारण एकसारखा असतो. छातीवर येणारी चढण कोठेही अचानक उभी राहत नाही, त्यामुळे एकदा लय सापडली की ती मोडण्याचे कारण उरत नाही. वळणांवर माकडे बसलेली असतात आणि पर्यटक त्यांना खाऊ टाकत असतात, तेव्हा हँडलवरच्या पिशवीत केळी उघडी ठेवू नयेत.

पाचगणी ते महाबळेश्वर हे एकोणीस-वीस किलोमीटर नवख्याला फसवतात. दोन्ही गावांच्या उंचीत फारसा फरक नाही, त्यामुळे हा सपाट पठारी रस्ता असेल असा समज होतो. प्रत्यक्षात तो सतत उतरतो आणि पुन्हा चढतो, आणि घाटात दमलेल्या पायांना हे छोटे चढ अधिक झोंबतात. याच टप्प्यात भिलार फाट्याच्या आसपास स्ट्रॉबेरीची शेते दिसू लागतील. फळे जरूर खावीत; क्रीम घातलेला पेला मात्र परतीच्या दिवसासाठी राखून ठेवावा. शनिवार-रविवार टाळावेत, कारण वेण्णा तलावापाशी गाड्यांची रांग लागली की सायकललाही वाट मिळत नाही.

दातेरी

दिशेबद्दल जाणकार बोलतीलच, मी गिअरपुरते लिहितो. पुढे 39 आणि मागे 25 या जोडीत पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे 3.3 मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेऱ्या, म्हणजे आधीच संथ म्हणावी अशी गती धरली, तरी वेग ताशी बारा किलोमीटरांच्या जवळ येतो. आपले आणि सायकलचे मिळून वजन 80 किलो धरल्यास पाच टक्क्यांच्या चढावर हा वेग राखायला साधारण 150 वॅट लागतात, आणि तेही सलग तासभर. शक्ती कमी पडली की वेगाबरोबर फेऱ्याही कमी होतात. मिनिटाला चाळीस-पंचेचाळीस फेऱ्यांवर प्रत्येक फेरी जिना चढल्यासारखी होते आणि गुडघे त्याचा हिशेब दुसऱ्या दिवशी मागतात. पुढे 34 आणि मागे 32 असेल, तर तेवढ्याच फेऱ्यांत ताशी आठ किलोमीटरांनी चढता येते आणि काम शंभर वॅटच्या आसपास भागते. घाटाला तासाऐवजी दीड तास लागेल, पण वर पोहोचल्यावर पाय शिल्लक राहतील.

खर्चाचे म्हणाल, तर 53/39 चा क्रँक (पायडलचा दांडा, ज्यावर चेनरिंग बसतात) बहुधा 130 मिलिमीटर बोल्टवर्तुळाचा, म्हणजे चेनरिंगचे बोल्ट ज्या वर्तुळावर असतात त्याच्या त्या व्यासाचा, असतो आणि त्यावर 38 पेक्षा लहान चेनरिंग बसत नाही, म्हणून 34 हवी असल्यास सबंध क्रँकसेट बदलावा लागेल. स्वस्त मार्ग मागे आहे. आखूड पिंजऱ्याचा जुना डिरेलर (मागे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) सहसा 28 दातांपर्यंत चालतो. तेव्हा 11-28 ची कॅसेट आणि नवी चेन घालून घ्यावी, आणि घाटात बसायच्या आधी दुकानात स्टँडवर मोठ्या चक्रावर चेन अडखळत नाही ना, हे पाहावे. 25 वरच यायचे ठरवल्यास फेरी अशक्य नाही, पण ती आनंदाची होईल असे मी म्हणणार नाही.

मंदगती

मी उलट दिशेचा पुरस्कर्ता आहे. मेढ्याकडून केळघरचा घाट चढताना वाहने तुरळक असतात आणि झाडी दाट आहे. पसरणीत मात्र मागून येणारी प्रत्येक मोटार कर्णा वाजवत जाते. शिवाय पसरणीचा रस्ता रुंद आहे, त्यामुळे ज्याला घाट उतरण्याची सवय नाही त्याने उतरायचे ते तेथे उतरावे, आणि घाट संपला की घर आले हे सुख वेगळेच.

जावळीकर

मंदगती यांचा रहदारीचा मुद्दा रास्त आहे, परंतु उलट दिशेने जाणारा माणूस केळघरच्या चढाला लागतो तेव्हा त्याच्या पायांत आधीच चाळीसेक किलोमीटर असतात, आणि त्या बाजूला ऊनही लवकर येते. चढ पसरणीपेक्षा लांब आहे. सवयीच्या सायकलस्वाराला मी तोच सुचवेन. नागपूरहून प्रथमच येणाऱ्याला नाही.

मात्र कृष्णाकाठ यांनी महाबळेश्वरला लेखणी थांबवली, आणि ही फेरी खरी अवघड होते ती तेथून पुढे. महाबळेश्वर ते मेढा हा तीसेक किलोमीटरांचा टप्पा आहे आणि त्यात 600 मीटरांहून अधिक खाली यायचे असते. उतार म्हणजे विश्रांती हा समज वाईतच ठेवून यावा. 80 किलोंचे ओझे 600 मीटर खाली आणताना सुमारे 470 किलोज्यूल ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते. काही भाग हवा घेते, उरलेला रिम आणि ब्रेकपॅड घेतात. ब्रेक सतत हलका दाबून ठेवला, तर रिमला निवायला उसंतच मिळत नाही आणि ट्यूब फुटण्याची भीती असते. हात ड्रॉप्सवर (हँडलच्या खाली वळलेल्या भागावर) ठेवावेत, सरळ रस्त्यावर सायकलला वाहू द्यावे, वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक जोरात पण थोडा वेळ दाबावेत आणि वळणात शिरताना ते सोडलेले असावेत. पावसाळ्यात दरडींबरोबर आलेली बारीक खडी वळणांच्या आतल्या बाजूला पुढे कित्येक महिने पडून असते; अरुंद टायरला तिच्यावर पकड मिळत नाही. दुकानात जाणारच आहात, तर ब्रेकपॅड नवे घालून घ्यावेत आणि जुन्या पॅडमध्ये रुतलेल्या धातूच्या कणांनी रिमवर चरे पाडले आहेत का, तेही पाहावे.

मेढ्याला पोहोचेपर्यंत बारा वाजतात. वरची थंड हवा संपलेली असते, आणि नकाशावर किरकोळ दिसणारा मेढा–कुडाळ रस्ता समोर येतो. मेढा वेण्णेच्या खोऱ्यात आणि कुडाळ कुडाळी नदीच्या खोऱ्यात असल्यामुळे मधली डोंगराची सोंड ओलांडावीच लागते. हा चढ पसरणीच्या तुलनेत लहान आहे, पण तो भर दुपारी आणि सत्तराव्या किलोमीटरच्या आसपास येतो. माझ्या ओळखीचे बरेच जण सायकलवरून उतरले ते येथे, घाटात नव्हे. म्हणून मेढ्यात नुसत्या चहावर भागवू नये. भात-आमटी मिळाली तर उत्तम, नाहीतर मिसळीऐवजी पोहे, आणि पाण्यात मीठ-साखर. कुडाळपासून पुढे रस्ता सोपा होतो, पण गळीत हंगाम असल्याने उसाने भरलेले दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर भेटतील. त्यांना ओलांडताना दुसरी ट्रॉली आतल्या बाजूला किती झुकते, याचा अंदाज घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. पाचवडनंतर वैराटगड डाव्या हाताला ठेवून वाईपर्यंत शेवटचे आठ-दहा किलोमीटर उरतात.

विदर्भवासी

सर्वांचे मनापासून आभार. 11-28 ची कॅसेट, चेन आणि ब्रेकपॅड येथेच बदलून घेतो, आणि मंगळवार किंवा बुधवार निवडतो. दिशा पसरणीने चढण्याचीच ठेवतो. एक शंका उरते: अंगात त्राण उरले नाही असे वाटले, तर फेरी सोडून देण्याची सोयीची जागा कोणती?

कृष्णाकाठ

महाबळेश्वर. तेथून आल्या वाटेने वाई बत्तीस किलोमीटर आहे. पाचगणीपर्यंतचे चढउतार सोसले की पुढे उतारच आहे. केळघरच्या घाटात शिरल्यावर मात्र परत फिरणे म्हणजे घाट चढणे. महाबळेश्वरच्या बाजारपेठेत पोहोचायला साडेअकरा वाजून गेले, किंवा सपाटीवरही 39 वर मोठ्या चक्राची गरज भासू लागली, तर मेढ्याचा रस्ता धरू नये. आणि मेढ्यातच गळाठलात, तर बसस्थानकाबाहेर वाईकडे जाणाऱ्या टेम्पोची चौकशी करावी. एसटीत सायकल घेणे वाहकाच्या मर्जीवर असते, पण टेम्पोवाला भाडे ठरवून नेतो.