विहिरीच्या गाळात मिळालेल्या तीन बाटल्या: वय आणि किंमत कशी ठरवायची?

गाळउपसा
जुन्या विहिरीचा गाळ काढताना तीन बाटल्या मिळाल्या.
१) फिकट निळसर-हिरवी, जाड काच. बूड अंड्यासारखं गोल, उभी राहतच नाही. ओठ जाड आणि गोलसर. अंगावर उठावाची अक्षरं आहेत, पण झिजलेली.
२) गर्द निळी, षट्कोनी, काही बाजूंवर उभ्या रेघा. इंग्रजीत ‘नॉट टू बी टेकन’ असं उठावात. बुडाला १२ हा आकडा. म्हणजे १९१२ धरायचं का? बूच घट्ट बसलंय, तळाशी पांढरे खडे आहेत.
३) बिनरंगी, पण उजेडात जांभळट झाक. साच्याची रेघ ओठाच्या बोटभर खाली संपते. बाहेर दुधी थर आहे, घासून जात नाही.
वय आणि किंमत कळेल का? साफ करायच्या का?

काचपारखी
दुसऱ्या बाटलीचं बूच काढू नका, हे आधी. तो विषाच्या बाटलीचा नमुना आहे. अंधारातही हाताला कळावं म्हणून त्या रेघा. अशा बाटल्यांत स्ट्रिक्नीन, पाऱ्याचे किंवा आर्सेनिकचे क्षार असू शकतात. हिंदकळू देऊ नका, उभीच वाळूच्या बादलीत ठेवा, हातमोजे घाला आणि अग्निशमन दलाला किंवा घातक कचरा हाताळणाऱ्यांना विचारा. मोरीत ओतायचं तर अजिबात नाही.

बुडावरचा १२ म्हणजे साल नव्हे. असे एक-दोन आकडी अंक बहुतेक वेळा साच्याचे किंवा मापाचे असतात. साल शोधायचं तर ओठ, साच्याची रेघ आणि बूड एकत्र वाचा. रेघ ओठाच्या काठावरून पार गेली असेल तर बाटली यंत्रावरची. ओवेन्सचं स्वयंचलित यंत्र १९०३च्या सुमाराचं, त्यामुळे अशी बाटली त्याआधीची सहसा नसते. त्या यंत्राची आणखी एक खूण म्हणजे बुडावर मध्यापासून सरकलेलं, कडा फिसकटलेलं वर्तुळ. बुडाच्या मधोमध खडबडीत तुटका व्रण असेल तर तो पॉन्टिलचा, म्हणजे ओठ घडवताना बाटली ज्या सळईवर चिकटवून धरत तिचा. अशा बाटल्या साधारण १८६०–७०च्या आधीच्या.

तिसरीची रेघ ओठाखाली संपते आणि गळ्याभोवती बारीक आडव्या घासट्या दिसत असतील, तर ओठ हत्याराने फिरवून घडवलाय. जांभळी झाक मँगनीजची. काचेतला लोखंडाचा हिरवेपणा मारायला ते घालत आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी काच हळूहळू जांभळी होते. दोन्ही धरून १८८० ते १९१५. गाळात पुरलेली काच मात्र जांभळी होत नाही, म्हणजे ही विहिरीत पडण्याआधी बराच काळ उन्हात असणार.

टॉर्च३६५
वरच्या मुद्द्याला जोड: ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च अंधारात धरा. मँगनीजची काच फिकट हिरवी उजळते. आणि विकत घेताना ध्यानात असू द्या, झाक फिकट असेल तर नैसर्गिक असू शकते, पण वांग्यासारखा गडद जांभळा दिसला की कृत्रिम किरणांचा संशय घ्या. संग्राहक अशा बाटलीला नाक मुरडतात.

पहिली ‘टॉर्पेडो’ घराण्यातली, सोडावॉटरची. आडवी ठेवली की बूच ओलं राहतं, आकसत नाही, वायू निसटत नाही. दाबापायी बूच ओठाखाली तारेने किंवा सुतळीने बांधत, म्हणून तो जाड ओठ. गोल बुडाच्या बाटल्या विसाव्या शतकातही बनत होत्या, तेव्हा नुसत्या आकारावरून साल सांगू नका. नख आतून गळ्यात फिरवा: ओठाच्या खाली पायरी लागली तर ओठ वेगळी काच लावून केलाय.

मोलभाव
किंमतीबद्दल. विक्रीला लावलेल्या किंमती बघू नका, लिलावात खरोखर विकल्या गेलेल्या किंमती बघा, तेही त्याच साच्याची, त्याच मापाची, त्याच रंगाची बाटली घेऊन. रंगाने भाव सर्वांत जास्त हलतो. तोच साचा निळसर-हिरव्यात मुबलक आणि कोबाल्ट निळ्यात दुर्मिळ असू शकतो. तुमची षट्कोनी मात्र निळ्यात भरपूर मिळते. ती मधल्या मापाची असेल तर फार आशा धरू नका, अगदी छोटी किंवा अगदी मोठी असेल तर नीट तपासा.

मग स्थिती. आतून टॉर्च लावा आणि बाटली सावकाश फिरवा. तडा असेल तर एका कोनात चांदीसारखा चमकून जातो. नख ओठाभोवती फिरवा, टवका अडकतो. बुडावरची झीज वेगवेगळ्या दिशांच्या बारीक ओरखड्यांची हवी. ओरखडे समांतर असतील तर सँडपेपरचा संशय घ्या.

काचपारखी
दुधी थराची परीक्षा सोपी आहे. बाटली पाण्याने ओली करा. थर नाहीसा होऊन वाळल्यावर परत आला तर तो काचेचा आजार: पाण्याने वरच्या थरातला सोडियम ओढून नेलाय, तो धुऊन जात नाही. व्हिनेगरमध्ये फसफसून निघाला तर फक्त चुना. गंजाला ऑक्झॅलिक आम्ल चालतं, हातमोजे घालून. तारेचा ब्रश आणि गार काचेवर एकदम गरम पाणी, दोन्ही नको.

आजारावर उपाय म्हणजे टम्बलिंग: बंद नळकांड्यात बाटली पक्की बसवायची, आत-बाहेर बारीक कापलेली तांब्याची तार, ॲल्युमिनियम ऑक्साइड आणि पाणी घालून ते अनेक दिवस हळू फिरवायचं, शेवटी सेरियम ऑक्साइडने चकाकी आणायची. यात उठावाच्या अक्षरांच्या कडा मऊ होतात, पृष्ठभागालगतचे बुडबुडे फुटून खड्डे पडतात आणि आधीचा तडा पुढे सरकतो. साध्या बाटलीवर हा खर्च वसूल होत नाही. केलंत तर विकताना सांगा.

गाळउपसा
पहिलीत नखाला पायरी लागली. दुसरी वाळूत ठेवली आहे, फोन केलाय. पहिलीच्या अक्षरांचं काय करू?

टॉर्च३६५
मग ओठ वेगळा लावलेला, म्हणजे पूर्ण यंत्रावरची नाही. युरोपातल्या कारखान्यांत ही पद्धत अमेरिकेपेक्षा उशिरापर्यंत चालली, म्हणून त्यावर थांबू नका. दिवा एका बाजूने काचेलगत, जवळजवळ आडवा धरून फोटो काढा, झिजलेली अक्षरं सावलीने उठतात. तरी वाचता न आल्यास पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासा. सोडावॉटर कंपनीचं नाव आणि शहर मिळालं की त्या शहराच्या जुन्या व्यापारी निर्देशिकांत कंपनी कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत दिसते ते बघा. काचेवरून निघणाऱ्या अंदाजापेक्षा ते वय जास्त नेमकं.