अपडेटनंतर स्क्रीन काळी (विंडोज 11) – फॉर्मेट न करता काही करता येईल का?

दांडियाबाजार_बडोदे

नमस्कार मंडळी. काल रात्री लॅपटॉप बंद करताना ‘अपडेट अँड शट डाउन’ आलं, तेच निवडलं. सकाळी चालू केला तर कंपनीचं चिन्ह येतं, त्याखाली ठिपके गोल फिरतात आणि मग स्क्रीन काळीकुट्ट. माऊसचा बाणसुद्धा नाही. पंख्याचा आवाज येतो, चार्जिंगचा दिवा लागतो. बराच वेळ तसाच ठेवला, मग बटण दाबून धरून बंद केला, परत चालू केला. तेच.

जवळच्या एका दुकानात नेला. त्यांनी एकदा चालू करून बघितला आणि म्हणाले, ‘बेन, फॉर्मेट मारवुं पडशे.’ आतलं सगळं जाईल का विचारलं तर हो म्हणाले. मी लॅपटॉप उचलून घरी आणला.

यात माझ्या सासऱ्यांची कीर्तनाची आख्यानं आहेत. त्यांच्या वह्यांची पानं आता हात लावला की तुटतात, म्हणून मी ती टाइप करत आले आहे. कुठल्या पदाला कुठली चाल, पूर्वरंग कुठे आटोपता घ्यायचा, हे त्यांच्याजवळ बसून विचारून लिहिलेलं आहे. ते वह्यांत नाही आणि आता विचारायला ते नाहीत. दिवाळीपर्यंतचं पेन ड्राइव्हवर आहे, पुढचं सगळं या लॅपटॉपमध्येच. मला मराठी टायपिंग चांगलं येतं, आतलं तंत्र येत नाही. कुठलं बटण दाबायचं ते नीट सांगावं ही विनंती.

इंदूरचा_नीलेश

ताई, विंडोज नवीन टाकून घ्या, सुटाल. आधी हार्ड डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावायची, फाइली निघून येतात. आणि पुढे अपडेट कायमचं बंद करून टाका, मी तेच केलंय.

रावपुरा_दुरुस्ती

ताई, फॉर्मेट अजिबात करू देऊ नका. मी बडोद्यात कॉम्प्युटर दुरुस्तीत आयुष्य घालवलं आहे. काळी स्क्रीन म्हणजे डेटा गेला असं नसतं. तुम्हाला चिन्ह आणि फिरणारे ठिपके दिसतात, म्हणजे स्क्रीनचा दिवा चांगला आहे, डिस्क वाचली जाते आहे आणि विंडोज सुरू व्हायला लागलं आहे. अंधार त्यानंतर होतो. त्या क्षणी विंडोज आपला साधा डिस्प्ले सोडून ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनवर चित्र उमटवणारा प्रोग्रॅम, हातात घेतं. अपडेटबरोबर तो ड्रायव्हर बदलला असेल आणि तुमच्या स्क्रीनशी त्याचं जुळत नसेल, तर नेमकं असंच होतं. घरातला दिवा गेला तर आपण फ्यूज बघतो, भिंत पाडत नाही.

नीलेशभाऊ, डिस्क काढण्याचा सल्ला जुन्या मशीनला ठीक होता. आता विंडोज 11 च्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली असते. ती काढून दुसरीकडे लावली तर 48 अंकी रिकव्हरी की मागते, ती नसेल तर फाइली उघडतच नाहीत. काही लॅपटॉपांत तर डिस्क बोर्डावरच चिकटवलेली असते, निघतच नाही.

म्हणून ताई, पहिलं काम मोबाइलवर करा. लॅपटॉप सुरू करताना जे मायक्रोसॉफ्ट अकाउंट घातलं होतं, त्यात लॉगिन करून तुमच्या डिव्हाइसखाली बिटलॉकर की (हीच ती 48 अंकी रिकव्हरी की) दिसते का बघा. असली तर कागदावर उतरवून घ्या, अंक दोनदा ताडून बघा. दुरुस्तीच्या मेनूत शिरताना ती मागितली जाऊ शकते आणि त्या वेळी माणूस घाबरतो.

मग लॅपटॉप चालू करा आणि अंधार झाला की कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागतो, विझतो का? तसं होत असेल तर मशीन जागं आहे. आता विंडोजच्या चिन्हाचं बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चारही एकत्र दाबा. त्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. बीप ऐकू येईल, नशीब असेल तर चित्रही परत येईल. आलं नाही तर घरातल्या टीव्हीला एचडीएमआय केबलने लावा, विंडोजचं बटण धरून पी दाबा आणि थोडं थांबा. टीव्हीवर काही येतं का ते इथे लिहा. येत नसेल तर पुढचा रस्ता आहे, तो मी सांगतो, पण आधी एवढं करा.

दांडियाबाजार_बडोदे

काका, की सापडली, वहीत उतरवली. कॅप्स लॉकचा दिवा लागतो. चार बटणांनी बीप झाला, स्क्रीन काळीच. पण टीव्हीला लावल्यावर टीव्हीवर लॉगिनचं पान आलं! पासवर्ड टाकला, डेस्कटॉप दिसतो आहे, आख्यानांचा फोल्डर जागच्या जागी आहे. आता हात लावायची भीती वाटते. काय करू?

रावपुरा_दुरुस्ती

वाचून फार बरं वाटलं. आता दुरुस्ती नंतर, आधी फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवा. उतरवल्यावर दोन-चार फाइली पेन ड्राइव्हवरूनच उघडून बघा. हे झाल्याशिवाय पुढचं वाचूसुद्धा नका.

झालं? आता स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. त्यात ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’ आहे, त्याखाली तुमच्या ग्राफिक्सचं नाव दिसेल. दोन नावं असली तर लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन बहुधा प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर चालते, म्हणून सुरुवात त्या नावापासून करा. नावावर राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, मग ‘ड्रायव्हर’. तिथे तारीख लिहिलेली असते, ती बघून ठेवा. खाली ‘रोल बॅक ड्रायव्हर’ (आधीच्या ड्रायव्हरवर परत जाणं) आहे, ते दाबा आणि कारण विचारलं तर कुठलंही निवडा. टीव्ही मध्येच लुकलुकेल, घाबरू नका. मग रीस्टार्ट करा.

रोल बॅकचं बटण फिकट असेल, दाबलं जात नसेल, तर सेटिंग्जमध्ये ‘विंडोज अपडेट’, ‘अपडेट हिस्टरी’ आणि त्याच्या तळाशी ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’. कालच्या तारखेचं काढा.

ज्यांच्याकडे टीव्हीवरही काही येत नाही, त्यांच्यासाठीही लिहून ठेवतो, कारण असे धागे लोक नंतर शोधत येतात. चिन्ह दिसताच पॉवरचं बटण दाबून धरून बंद करायचं, असं लागोपाठ केलं की दोन-तीन वेळांनंतर विंडोज स्वतःच दुरुस्तीचा निळा मेनू आणतं. हे अपडेटची टक्केवारी दिसत असताना मात्र करू नका. मेनूत ‘ट्रबलशूट’, ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’. क्वालिटी अपडेट (नेहमीचं छोटं) आधी काढून बघा, फीचर अपडेट (विंडोजची नवी आवृत्ती आणणारं मोठं) त्यानंतर. फीचर अपडेट साधारण 10 दिवसांतच मागे घेता येतं, म्हणून मशीन कोपऱ्यात ठेवून देऊ नका. त्याच जागी ‘स्टार्टअप सेटिंग्ज’मधून सेफ मोडही, म्हणजे अगदी जरुरीपुरतं चालणारं विंडोज, मिळतो, तिथे ड्रायव्हर मागे नेता येतो. ‘रीसेट धिस पीसी’ मात्र सोडून द्या. त्यात ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ म्हणून पर्याय आहे आणि घाईत तिथे बोट पडलेलं मी पाहिलं आहे.

19 जुलै 2024 ला एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटने जगभरातली सुमारे 85 लाख विंडोज मशीनं निळ्या स्क्रीनवर अडकली होती. त्यांचाही उपाय सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढणे हाच होता, फॉर्मेट नव्हे. जे लोक उठसूट फॉर्मेट सांगतात त्यांचा मला राग येतो. तो त्यांच्यासाठी तासाभराचा धंदा असतो, समोरच्याचं काय जातं हे ते विचारत नाहीत.

इंदूरचा_नीलेश

काका, की मागण्याचा मुद्दा मला माहीत नव्हता. माझ्या लॅपटॉपची की आत्ताच शोधून ठेवली. पण अपडेट बंद ठेवण्यात काय वाईट?

रावपुरा_दुरुस्ती

सुरक्षेची भोकं उघडी राहतात, आणि तुम्ही त्याच मशीनवरून बँकेचे व्यवहार करता. कायमचं बंद करण्याऐवजी ‘पॉज अपडेट्स’ वापरा, पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. तोवर बिघडलेल्या अपडेटची दुरुस्ती बहुतेक वेळा आलेली असते. ताईंनीही रोल बॅकनंतर लगेच पॉज करावं, नाहीतर तोच ड्रायव्हर परत येऊन बसेल.

दांडियाबाजार_बडोदे

काका, स्क्रीन आली! रोल बॅक दाबता आलं, रीस्टार्टनंतर लॅपटॉपवरच सगळं दिसतंय. ड्रायव्हरची तारीखही मागची झाली. अपडेट पॉज केलं. घरी सगळ्यांना तुमचं उत्तर वाचून दाखवलं. मनापासून आभार.

एक शंका. पेन ड्राइव्हवरच्या फाइली मुलाच्या कॉम्प्युटरवर उघडल्या तर नव्या फाइली ठीक आहेत, पण सुरुवातीच्या काही आख्यानांत मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. त्या खराब झाल्या का?

रावपुरा_दुरुस्ती

नाही, त्या शाबूत आहेत. सुरुवातीच्या फाइली तुम्ही जुन्या, युनिकोड (सगळ्या मशीनवर मराठी सारखंच दाखवणारी पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केल्या असणार. त्या फाइलीत आत इंग्रजीचीच अक्षरं साठवलेली असतात, मराठी आकार फॉन्ट देतो. मुलाच्या मशीनवर तो फॉन्ट नाही, इतकंच. तुमच्या लॅपटॉपवर ‘सी’ ड्राइव्हमध्ये विंडोज फोल्डरात ‘फॉन्ट्स’ आहे, तिथून तो फॉन्ट कॉपी करून आख्यानांच्या शेजारीच ठेवा. त्या आख्यानांची पीडीएफही आज काढून घ्या, तिच्यात फॉन्ट सोबत जातो. युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार बिघडतात, ओळ न् ओळ वहीशी ताडावी लागेल. ते सावकाश करा, आणि मूळ फाइल तशीच ठेवून करा.