मदत हवी आहे : आईच्या नव्या कवळीचा चावा जुळत नाहीये

आईची (वय ७१) वरची-खालची पूर्ण कवळी नवी केली. कवळी बनवण्याआधी मेणाच्या ठोकळ्यांवर चावा (वरचे-खालचे दात एकमेकांवर कसे बसतील याचं माप) घेताना डॉक्टर सांगत होते, जिभेचं टोक मागे टाळूला लावा आणि गिळा, म्हणजे जबडा सांध्यात आपल्या जागी जातो. पण जुन्या झिजलेल्या कवळीमुळे आईला जबडा पुढे काढून चावायची सवय! आता मागचे दात आधी टेकतात, पुढे फट राहते, बोलताना खटखट वाजतं. जबडा सैल असताना वरच्या-खालच्या दातांत २ ते ४ मिमी अंतर हवं ना? तिचे तर ओठही मिटत नाहीत. भाकरी सोडाच, मऊ भातसुद्धा गालात घोळवत बसते बिचारी. कवळीचे दात नुसते घासून थोडे कमी केले तर भागेल, की चावा पुन्हा घ्यायला सांगू? कुणाला अनुभव आहे का?