एकच जागा, दोन लेन्स : तुमचा अनुभव सांगा

शेवंती : मंडळी, 'कुठली लेन्स घेऊ?' असं विचारलं की प्रत्येक जण स्वतःकडे असलेलीच घ्यायला लावतो. म्हणून प्रश्न वेगळा विचारते. एकाच ठिकाणी दोन लेन्स वापरल्यावर काय फरक जाणवला? चाचण्यांचे आलेख नकोत, अनुभव हवेत.

माझ्यापासून सुरुवात. दादरचा फुलबाजार, पहाटे. ५० एमएम एफ १.८ (एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त) क्रॉप बॉडीवर, म्हणजे छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, ७५सारखी वागते, म्हणजे दृश्य आणखी जवळ आणते. तिथे मागे सरकायला जागा कुठली? मागे टोपलीवाला 'बाजू, बाजू' करत उभाच. मावशींचा चेहरा आला की हातातला गजरा कापला जायचा. ३५ लावली आणि चेहरा, गजरा, पुढ्यातला झेंडूचा ढीग, सगळं एकाच फ्रेममध्ये मावलं. पार्श्वभूमी ५०इतकी पुसली जात नाही, पण बाजारात ती पुसायची कशाला?

खाडीकाठी : फ्लेमिंगोंसाठी ५५-२०० आणि ७०-३०० दोन्ही वापरल्या. शिवडीला ओहोटीत पक्षी इतके लांब जातात की ३००लाही गुलाबी ठिपकेच मिळतात. भरती चढू लागली की पाणी त्यांना काठाकडे सरकवतं, तेव्हा २००सुद्धा पुरते. त्यामुळे लेन्सआधी भरतीचं वेळापत्रक बघा. ऐरोलीला फ्लेमिंगो बघायला नेणाऱ्या बोटीत गणित बदलतं. बोट हलते, पक्षी उडतात, ट्रायपॉडचा उपयोग नाही. तिथे शटरचा वेग मी १/१००० सेकंदाच्या खाली आणत नाही, त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) वाढला तर वाढू दे. आणि ऊन तापल्यावर चिखलावरची हवा थरथरते, तेव्हा महागडी लेन्सही मऊच, म्हणजे धूसर फोटो देते.

आळशी अण्णा : कॅमेऱ्यासोबत आलेली आपली १८-५५ किट लेन्स जिंदाबाद. बाकी चालू द्या.

बोरीबंदर : सीएसएमटी. १० एमएमने अख्खी इमारत येते, पण कॅमेरा वर केला की घुमट मागे कलंडतो. कॅमेरा सरळ धरायचा, खाली रस्ता जास्त येऊ द्यायचा आणि घरी कापायचा. त्यापेक्षा रस्ता ओलांडून ३५ने काढलेला फोटो मला जास्त आवडतो. १८८८ सालच्या त्या दगडी कामातले प्राणी-पक्षी टिपायचे तर ८५ किंवा १०५. अण्णा, तुमच्या १८-५५ला ते जमायचं नाही!

आळशी अण्णा : जमेल, मान मोडेपर्यंत क्रॉप करीन.

लोकलप्रेमी : स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) असलं की धावती गाडीही स्पष्ट येते, हा गैरसमज दूर करतो. किट लेन्समधल्या स्टॅबिलायझेशनमुळे संध्याकाळी १/१५ सेकंदाला फलाट, पाट्या लख्ख येतात, पण धावती गाडी फराटाच होते. स्टॅबिलायझेशन आपला हात सांभाळतं, लोकल नाही. दारातला माणूस स्पष्ट हवा तर ५० एफ १.८ला पर्याय नाही. फराटाच हवा असेल तर किट झकास.

मोगरा : प्रश्न : पावसाळ्यात मरीन ड्राइव्हला लेन्स बदलता का?

खाडीकाठी : मोगराताई, अजिबात नाही. खारं पाणी उडतं. घरूनच एक लावून निघते. परतल्यावर पुसून, सिलिका जेलसकट हवाबंद डब्यात. आपल्याकडच्या दमटपणात कपाटातल्या बॅगेत ठेवलेल्या लेन्सला बुरशी धरते. माझ्या ओळखीतल्या दोघांच्या लेन्स अशाच गेल्या. जेलचे दाणे रंग बदलले की गरम करून पुन्हा वापरता येतात.

शेवंती : मोबाइलवाल्यांनीही लिहा की! तुमच्याकडे तर खिशातच तीन लेन्स असतात.