ऑफिससाठी मोठ्या मापाचे कुर्ते आणि पँट: फिटिंगचा सल्ला हवा (छाती ५०, सीट ५४)

टाचणी
घरी साधं शिलाई मशीन आहे. सरळ कुर्ता, पेटीकोट, उशांचे अभ्रे इतपत शिवता येतं. आता ऑफिसचे कपडे घरीच शिवायचेत. मापं इंचांत देतेय: उंची ५ फूट ३, शोल्डर १५, काखेलगत वरून घेतलेली छाती ४४, पूर्ण छाती ५०, कंबर ४५, सीट ५४, दंड १८.

रेडीमेड ३ एक्सएल छातीला बसतो, पण खांदे दंडावर उतरतात, बाही मात्र दंडाला आवळते, आणि पुढचा घेर मागच्यापेक्षा वर उचललेला दिसतो. आठ तास खुर्चीत बसायचं काम आहे. इकत, खण, गडद रंग, स्टँड कॉलर आणि खिसे ही माझी आवड, ती सोडायची नाही. "काळं घाला, उभ्या रेघा घाला, सैल घाला" हे सल्ले कृपया नकोत.

उरेबपट्टी
ताई, तुमच्या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच. छातीचं माप ६ इंच वाढलं म्हणून खांद्याची हाडं रुंद होत नाहीत. पण रेडीमेडवाले आणि बरेचसे टेलरही ५० छातीवरून शोल्डर, गळा, मुंढा (बाही जोडायची काखेची गोलाई) सगळं वाढवत नेतात. तुमचा सांगाडा वरच्या छातीचा, म्हणजे ४४ चा आहे. खांदे, गळा, मुंढा आणि पाठ त्या मापाने कापा. जास्तीची जागा फक्त जिथे लागते तिथे द्या, म्हणजे पुढच्या भागात.

नेहमीचं "छाती भागिले चार, पुढे-मागे सारखं" तुमच्यासाठी चुकतं. ५० अधिक ४ सैल मिळून ५४ हवेत, तर पाठीचा अर्धा भाग साडेबारा आणि पुढचा साडेचौदा धरा. दोन्ही दुप्पट केले की ५४ भरतात.

पुढचा भाग असा वाढवा. खाकी कागदावर ४६ छातीचा बेस काढा (वरची छाती अधिक २). टक्स पॉइंट (छातीचा सर्वांत उंच बिंदू) मांडा. माप घेताना रोजची ब्रा घातलेली असू द्या, नाहीतर हा बिंदू इंचभर हलतो. बिंदूपासून तीन रेघा ओढा: एक खाली घेरापर्यंत मध्याला समांतर, दुसरी तिरकी, मुंढ्याच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत, तिसरी आडवी, बाजूच्या शिवणीपर्यंत. पहिल्या दोन सलग कापा, पण मुंढ्याच्या शिवणरेषेशी सूतभर कागद जोडलेला ठेवा. आडवी रेघ बाजूकडून बिंदूपर्यंत कापा. आता बाजूचा तुकडा बाहेर सरकवा: टक्स पॉइंटपाशी २ इंच फट, आणि खाली घेरापर्यंत तेवढीच. आडवी रेघ आपोआप उघडते, तो तुमचा टक्स (टोकाकडे निमुळती शिवलेली घडी). मधला तुकडा खालून आखूड पडेल. तो कमरेच्या वर आडवा कापून, घेर एका रेषेत येईल इतका खाली सरकवा आणि मागून कागद चिकटवा. घेर वर उचलला जातो तो याच लांबीच्या अभावी.

टक्स दीड इंचापेक्षा रुंद निघाला तर त्याचे दोन करा, शेजारी शेजारी. एकच रुंद टक्स टोकाशी चोच काढतो, कितीही इस्त्री केली तरी. टोक बिंदूच्या दीड इंच आधी संपवा. शेवटचे तीन-चार टाके कापडाच्या घडीवर न्या. तिथे उलटी टीप नको, दोऱ्याला हाताने गाठ द्या.

नेफा_नाडी
वरचं सगळं मान्य, फक्त बाही आवळते तर मुंढा अर्धा-पाऊण इंच खाली उतरवून बघा. सोपं आहे.

उरेबपट्टी
तेवढं नका करू. मुंढा खोल गेला की हात वर करताना बाही बाजूची शिवणच ओढते आणि अख्खा कुर्ता वर येतो. फाईल काढायला हात उचलला की कळतं. ५० छातीच्या चौथ्या हिश्श्यातून २ वजा करणारं सूत्र वापरलं तर मुंढा साडेदहा येतो, इथे ९ पुरे. खांद्यापासून काखेखाली इंचभर मोजा, तोच तुमचा मुंढा.

बाही रुंद करायची असेल तर तिचा वरचा घुमट उतरवा. दंड १८ अधिक २, म्हणजे बाही २० रुंद. मुंढ्याचा घेर साधारण २१-२२ येईल. त्यात २० ची बाही बसवायला घुमटाची उंची साडेपाच ठेवून चालत नाही, ४ ते साडेचार करावी लागते. हात खाली असताना काखेत थोडी सळ पडेल, ती पडू द्या. सुती कापडात बाहीचा घेर मुंढ्यापेक्षा अर्ध्या ते पाऊण इंचाहून जास्त नको, चुण्या येतात.

नेफा_नाडी
बरोबर, घुमटाचा मुद्दा राहिला होता. माझ्याकडून कापडाचा हिशेब घ्या. ४६ इंच लांबीचा कुर्ता ४४ पन्ह्यात २.५ मीटरमध्ये बसत नाही. घेराजवळ एकेक भाग ३२-३३ रुंद होतो, उरलेल्या पट्टीत २० ची बाही मावत नाही. दोन लांब्या ९६ इंच, खाली बाह्या शेजारी शेजारी अर्धा मीटर, म्हणजे ३ मीटर. हातमाग असेल तर सव्वातीन घ्या, कारण धुतल्यावर मीटरमागे ३ ते ५ सेंटीमीटर सहज आटतं आणि पन्हाही कमी होतो. ५८ पन्ह्यात बाही बाजूच्या पट्टीत निघते, तिथे अडीच पुरतं. कापड आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कापा. आणि दुकानदार "टॉपला अडीच बस झालं" म्हणाला तर ऐकू नका.

काठपदर
आवडीबद्दल बोलते. इकतमध्ये मोठी चौकट किंवा गोल नक्षी असेल तर कापड अंगावर धरून आरशात पाहा. नक्षीचा मध्य दोन्ही टक्स पॉइंटवर आला की नजर तिथेच खिळते. कागद तीन-चार इंच वर-खाली सरकवला की प्रश्न सुटतो. पोचमपल्ली किंवा संबळपुरीत टक्स घातला की नक्षी तुटते, म्हणून टक्स योकखाली (खांद्याजवळ वेगळ्या जोडलेल्या तुकड्याखाली) फिरवा: आडवा टक्स कागदावर बंद करा, योकच्या रेषेपासून बिंदूपर्यंत काप द्या, तिथे जे उघडेल त्याच्या चुण्या घाला. चुण्या टक्स पॉइंटच्या वरच्या ३-४ इंचांतच राहू द्या. काखेकडे पसरल्या तर फुगा होतो.

प्रिन्सेस कट (टक्सऐवजी छातीवरून घेरापर्यंत जाणारी उभी शिवण) मंगळगिरीसारख्या एकरंगी, घट्ट विणीच्या कापडात उत्तम बसतो. चौकटीत मात्र शिवणीवर रेघा जुळवता जुळवता नाकी नऊ येतात.

गुळेदगुड्डचा पारंपरिक खण तीस-बत्तीस इंच पन्ह्याचा, अख्खा कुर्ता त्यात नका काढू. योक, कॉलर, बाहीची पट्टी आणि चाकाच्या (बाजूच्या उभ्या फटीच्या) आतली पट्टी खणाची, बाकी अंग मंगळगिरीचं. चाक उडाला की आतला रंग दिसतो. खण विसविशीत असतो, कापल्याबरोबर कडा इंटरलॉक करा आणि माया (शिवणीबाहेरचं जास्तीचं कापड) पाऊण इंच ठेवा. योकला मागून पातळ फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) चिकटवा, नाहीतर चुण्यांच्या ओझ्याने लोंबतो.

शिवणयंत्र
चाक कुठून सुरू होतो ते सांगायचं राहिलं. सीटच्या सर्वांत रुंद जागेच्या दीड-दोन इंच खाली. रुंद जागेवरच सुरू केला तर बसल्यावर फाकतो आणि टोकाशी कापड फाटतं. टोकाला आतून दोन इंची चौकोनी पट्टी लावून टीप मारा. सीटचं माप उभं राहून आणि कडक खुर्चीत बसून, दोनदा घ्या. जे मोठं येईल त्यात ३-४ इंच सैल. तुमचं उभं माप ५४ आहे, बसून वाढलं तर तेच धरा.

पुढे बटणपट्टी असेल तर पहिलं बटण गळ्यापासून मोजून लावू नका. आधी एक टक्स पॉइंटच्या रेषेवर पक्कं करा, मग तिथून वर-खाली अडीच ते ३ इंचांवर बाकीची. त्या बटणाच्या वर आणि खाली, पट्टीच्या आत एकेक टिचबटण. तरीही पट्टी उघडत असेल तर पुढचा भाग कमी पडतोय, बटणाचा दोष नाही.

पँट: आसन (पायांमधून पुढून मागे जाणारी शिवण) हीच सगळ्यांची अडचण. खुर्चीत बसून कमरेपासून खुर्चीपर्यंत बाजूने मोजा, अधिक १ इंच, ही आसनाची खोली. शिवाय पुढच्या कमरेपासून पायांमधून मागच्या कमरेपर्यंत टेप फिरवून पूर्ण आसन मोजा आणि कागदावरच्या वळणाशी ताडून बघा. आसनाचं पुढचं टोक सीटच्या सोळाव्या हिश्श्याइतकं (५४ ला सव्वातीन-साडेतीन), मागचं आठव्या हिश्श्याइतकं (पावणेसात). मागे सीटखाली हसऱ्या तोंडासारख्या सळा पडल्या तर मागचं टोक वाढवा. मागची कमर बसल्यावर खाली घसरते तर मागच्या मध्यावर उंची इंचभर वाढवा, बाजूला शून्य करत.

कमरेला पुढे फ्युजिंग लावलेला सपाट बेल्ट, मागे दीड इंची इलॅस्टिक. कापड ५८ पन्ह्याचं कॉटन सॅटिन, २-३ टक्के लायक्राचं, अडीच मीटर. जाड कॉटनला १४ नंबरची सुई, लायक्रावर टाके सुटत असतील तर स्ट्रेचची सुई. मांड्यांच्या आतल्या बाजूला तेच कापड दुहेरी लावून सपाट टीप मारा, पहिलं झिजतं ते तिथेच.

टाचणी
खूप आभार सगळ्यांचे. दोन शंका. पहिली फेरी कशावर शिवू? आणि बाजूच्या शिवणीतला खिसा चालताना तोंड वासतो, त्याचं काय?

उरेबपट्टी
पहिली फेरी मांजरपाटावर. लांब टाके, एकेरी टीप, माया दीड इंच, बाही एकच जोडा, गळ्याला काही लावू नका. घालून खुर्चीत बसा, दोन्ही हात पुढे टेबलावर ठेवा, मग बाजूची शिवण बघा. ती पुढे ओढली जात असेल तर पुढच्या भागात आणखी अर्धा इंच लागेल. पाठीत काखेजवळ आडवी ओढ दिसली तर पाठ अरुंद पडली आहे, मुंढा कापू नका. बदल खडूने कापडावर, मग कागदावर. मांजरपाटही आधी धुवा, चांगलाच आटतो.

शिवणयंत्र
खिशाचं तोंड साडेसहा इंच ठेवा, आणि पुढच्या बाजूला शिवणीवर कापडाच्या किनारीची अर्धा इंची पट्टी धरून टीप मारा. किनार ताणत नाही, त्यामुळे तोंड वासत नाही. खिशाची पिशवी पुढे वळवून तिचं वरचं टोक कमरेजवळच्या शिवणीत अडकवा, म्हणजे मोबाईलच्या वजनाने चाकाकडे लोंबणार नाही. तरीही वासलाच तर सीटचं सैल कमी आहे. बाजूला अर्धा इंच सोडा, माया ठेवलेली असेल तर जमेल.