‘उजवी घालणे’ आणि ‘डावलणे’

प्रश्न : जुन्या लेखनात ‘देऊळ उजवे घालून पुढे गेला’, ‘गाय उजवी घालावी’ असे प्रयोग आढळतात. वडीलधाऱ्यांच्या उजव्या बाजूने चालावे, असा संकेत यात आहे काय? ‘डावलणे’ या क्रियापदाचे याच्याशी काही नाते आहे काय? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

उत्तर : संकेत आहे, परंतु बाजू आपण समजता त्याच्या उलट आहे. ‘घालणे’ येथे सकर्मक असल्यामुळे मान ज्याला द्यायचा ते कर्म, आणि ते चालणाऱ्याच्या उजव्या हाताला ठेवायचे असते. म्हणूनच कर्माप्रमाणे लिंग बदलून मारुती उजवा, नदी उजवी आणि देऊळ उजवे घातले जाते. मान्य व्यक्ती आपल्याच दिशेने संथपणे जात असेल आणि तिला मागे टाकून पुढे जाणे भाग असेल, तर अर्थातच तिच्या डाव्या अंगाने जावे लागेल. ती समोरून येत असेल तर मात्र दोघेही एकमेकांच्या उजव्या हाताला येतात, म्हणजे एकाच वेळी दोघांकडूनही मान राखला जातो, ही या संकेताची मला फार आवडणारी बाजू आहे.

‘प्रदक्षिणा’ हा शब्द याच कल्पनेचा संस्कृत अवतार होय. पूर्वेकडे तोंड केले असता उजवा हात दक्षिणेला येतो, त्यामुळे ‘दक्षिण’ म्हणजे दिशाही आणि उजवी बाजूही. आज प्रदक्षिणा म्हटले की पूर्ण फेरीच डोळ्यांपुढे येते, पण पूज्य वस्तू उजवीकडे ठेवून नुसते ओलांडून जाणे, एवढाही तिचा अर्थ होता. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात मातीचा ढीग, गाय, देवता, ब्राह्मण, तूप, मध, चव्हाटा आणि प्रसिद्ध वृक्ष यांना ‘प्रदक्षिण’ करावे असे सांगितले आहे. वाटेत दिसलेल्या प्रत्येक तुपाच्या भांड्याभोवती कोणी फेरी घालत बसेल, असे मानण्याचे कारण नाही.

कालिदासाच्या रघुवंशातील दिलीप राजाची कथा तर याच चुकीवर उभी आहे. इंद्राची भेट घेऊन रथातून परतताना, कल्पवृक्षाच्या सावलीत बसलेल्या सुरभी गायीला प्रदक्षिणा घालावयाचे त्याच्या ध्यानात राहिले नाही, कारण त्याचे चित्त ऋतुस्नात (ऋतुकाळानंतर न्हालेल्या) राणीकडे लागले होते. सुरभीने संततिहीनतेचा शाप दिला. पण आकाशगंगेत दिग्गज, म्हणजे दिशा सांभाळणारे हत्ती, मोठमोठ्याने गर्जत असल्यामुळे तो ना राजाला ऐकू आला, ना सारथ्याला. राजाच्या मनात अनादर नव्हता आणि तरीही दोष घडला, यावरून हा संकेत किती काटेकोरपणे पाळला जाण्याची अपेक्षा होती, ते दिसते.

‘डावलणे’ हे ‘डावा’पासूनच आले आहे. डावीकडे टाकून निघून जाणे, त्यावरून मान न ठेवणे आणि पुढे हक्क असूनही वगळणे, असा त्याचा अर्थविस्तार झाला. ‘बढतीत त्यांना डावलले’ असे लिहिताना मूळ चित्र कोणाच्या मनात नसते, आणि ते असण्याची गरजही नाही.

हे झाले ओलांडून जाण्याचे. सोबत चालताना डाव्या-उजव्यापेक्षा पुढे-मागे याला अधिक महत्त्व असे. गुरूच्या पुढे जाऊ नये, मागून चालावे, हा शिष्टाचार ‘अनुयायी’ या शब्दाच्या मुळाशी आहे, तर जो पुढे होतो तो ‘पुढारी’.

पुरवणी प्रश्न : मग पत्नी ‘वामांगी’ कशी? आणि ‘सव्य’ म्हणजे उजवे ना?

उत्तर : ‘वामांगी’वरून पत्नीने सदैव डावीकडेच असावे, असा नियम काढता येत नाही. धर्मकृत्याच्या संकल्पाला ती पतीच्या उजव्या बाजूस बसते आणि आशीर्वाद किंवा अभिषेक घेताना डाव्या बाजूस येते. बाजू येथे प्रसंगावर ठरते.

‘सव्य’ची गंमत वेगळी आहे. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात ‘सव्य’ म्हणजे डावे आणि ‘अपसव्य’ म्हणजे उजवे. डाव्या हातानेही बाण सोडणारा म्हणून अर्जुन ‘सव्यसाची’. जानवे नेहमी डाव्या खांद्यावर असते ती सव्य स्थिती, आणि पितृकार्यात ते उजव्या खांद्यावर घेणे म्हणजे अपसव्य. नेहमीची व शुभ स्थिती सव्य असल्यामुळे, बाजूचा विसर पडून, मराठीत ‘सव्य’ला ‘उजवे, सुलटे’ आणि ‘अपसव्य’ला ‘उलटे’ असा अर्थ चिकटला असावा, असे मला वाटते. श्राद्धात जानव्याची ही अदलाबदल वारंवार करावी लागते, तीवरूनच ‘सव्यापसव्य’ म्हणजे नसता खटाटोप. तेव्हा लेखनात निव्वळ बाजू सांगायची असेल, तर ‘सव्य’ टाळून सरळ ‘उजवा’ किंवा ‘डावा’ लिहावे.