अग्निवीर: पोरं मैदानाच्या आधीच मार्कशीटवर अडतात

शाळेत पी.टी.चे तास नीट झाले तर आपली पोरं अग्निवीर म्हणजे सैन्याच्या भरतीत मागे पडणार नाहीत, असं काही जण म्हणतात. तास व्हायलाच हवेत. पण दमाची कमी आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडं तरी दिसत नाही. पहाटे डांबरी रोडवर चुन्याच्या खुणा करून, मोबाईलवर वेळ लावून सोळाशे मीटर मारणारी पोरं गावोगाव आहेत. पण पळायची वेळ शेवटी येते: २०२३ पासून आधी ऑनलाइन लेखी परीक्षा आणि मग मैदान, आणि त्याच्याही आधी दहावीची मार्कशीट.

या मार्कशीटची एक गोष्ट कोणी सांगत नाही. आपल्या महाराष्ट्र बोर्डात दहावीला गट पासिंग आहे, म्हणजे दोन विषयांचे गुण एकत्र धरतात: गणित-विज्ञान मिळून ७० झाले की गणितात २८ असले तरी पोरगा पास. अग्निवीर जीडीला (जनरल ड्यूटी, म्हणजे साध्या सैनिकाच्या भरतीला) मात्र एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ लागतात. माझ्या पुतण्याला एकूण ५२ टक्के आणि गणितात नेमके २८. घरी पेढे वाटले, दोन वर्षं रोज पळाला, आणि फॉर्म भरायला बसला तेव्हा सेतू केंद्रातल्या पोरानं सांगितलं, तू बसतच नाहीस. श्रेणीसुधारला, म्हणजे गुण वाढवायला, परीक्षेला पुन्हा बसता येतं, हेही त्याला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. नववीतल्या पोरांना हा ३३ चा आकडा गणिताच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लिहून दाखवावा, आणि पालक सभेतही सांगावा. याला एक रुपया खर्च नाही.